मनातलं ताट

आज सकाळी न्याहारीला बसलात तेव्हा समोर जे होतं ते मनात आणा. उजेड किती होता? बशीचा रंग दिसतो का? सगळ्या वस्तू एकदम स्पष्ट आहेत, की जिच्याकडे लक्ष द्यावं तेवढीच उजळते? फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने हे प्रश्न १८७९ च्या सुमारास ओळखीपाळखीच्या लोकांना पाठवले आणि आलेल्या उत्तरांवरचा लेख १८८० साली ‘माइंड’ या नियतकालिकात छापला. चिनी मातीची भांडी, टोस्ट, मस्टर्ड, मांस, पार्स्ली अशी त्याची यादी अस्सल इंग्रजी टेबलावरची आहे. पोहे आणि चहाच्या कपालाही ती तितकीच लागू पडते.

उत्तर देणाऱ्यांत चार्ल्स डार्विनही होता. गाल्टन त्याचा आतेभाऊ, सावत्र आत्येचा मुलगा. डार्विनने कळवलं की चित्रातला उजेड बेताचाच आहे, कारण तो लवकर, एकटाच खायला बसला होता आणि सकाळ काळोखी होती. पण गार मांसाचा काप, द्राक्षं, एक नासपती आणि खाऊन झाल्यावरची बशी त्याला छायाचित्र समोर धरल्यासारखी स्पष्ट दिसत होती. जीवसृष्टीचा एवढा मोठा पसारा उलगडून दाखवणारा माणूस आपल्या उष्ट्या बशीचं इतकं मनापासून निरीक्षण करतो, हे वाचून मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटली.

गाल्टनला धक्का बसला तो इतर उत्तरांनी. त्याने सुरुवातीला आपल्या शास्त्रज्ञ मित्रांना विचारलं होतं, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी सांगितलं की असलं काहीही आपल्याला दिसत नाही. मनातलं चित्र हा केवळ बोलण्याचा एक प्रकार आहे आणि तो शब्दशः घेणारा गाल्टनच जरा स्वप्नाळू आहे, असं त्यांचं मत पडलं. रंगांधळ्या माणसाला आपल्याला रंग कमी दिसतात याचा पत्ताच नसावा आणि इतर लोक रंगांविषयी उगाच कौतुकाने बोलतात असं त्याने समजावं, अशी ही स्थिती असल्याचं गाल्टनने लिहिलं. शास्त्रज्ञांचं वर्तुळ सोडून तो सर्वसाधारण समाजाकडे वळला, तेव्हा उत्तरं पार बदलली. अनेक पुरुष, त्याहून जास्त स्त्रिया आणि कितीतरी मुलंमुली ठामपणे म्हणाली की दिसतं, नेहमीच दिसतं, रंगांसकट दिसतं. यावरून अमूर्त विचारांची सवय असलेल्यांची चित्रं पाहण्याची शक्ती क्षीण होते, असा निष्कर्ष गाल्टनने काढला. पुढच्या काळातल्या अभ्यासकांना तो तितकासा पटलेला नाही.

या साऱ्या हकिगतीत मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की ही सगळी माणसं तोवर जन्मभर तीच क्रियापदं वापरत आली होती आणि कुणाचंच कधी अडलं नव्हतं. ‘तांबडा’ हा शब्द मुलाला शिकवायचा तर बोट दाखवायला जास्वंद असते. ‘डोळ्यांसमोर आणणं’ शिकवताना बोट कुठे दाखवणार? आई म्हणते, “आजोळचं घर आठव.” मूल मनात काहीतरी करतं आणि म्हणतं, “आठवलं.” ते काहीतरी नेमकं काय, हे कुणी आत डोकावून पाहिलेलं नसतं. एकाच्या मनात ओटी, झोपाळा आणि वरचा कडीपाट सगळं उन्हासकट उभं राहतं. दुसऱ्याला ओटीमागे माजघर, माजघरात डाव्या हाताला देवघर, एवढं माहीत असतं आणि ते अगदी चोख माहीत असतं, पण दिसत मात्र काहीच नाही. दोघंही “हो” म्हणतात आणि बोलणं पुढे सरकतं. पन्नास-साठ वर्षं अशी पुढे सरकू शकतात.

इंग्रजीत ‘इमॅजिन’ या क्रियापदाच्या मुळातच चित्र बसलेलं आहे. लॅटिनमधल्या ‘इमागो’चा अर्थ प्रतिमा, छबी, आणि ‘इमेज’ व ‘इमॅजिन’ दोन्ही तिथूनच निघाले. वापरात मात्र हे क्रियापद केव्हाच चौकटीबाहेर पडलं. ‘आय इमॅजिन ही विल बी लेट’ म्हणणारा नुसता अंदाज बांधत असतो. ‘यू आर इमॅजिनिंग थिंग्ज’ म्हणजे तुला भास होताहेत. एखादी अचाट बातमी ऐकून नुसतं ‘इमॅजिन!’ म्हटलं की ते आश्चर्य. गणिताच्या तासाला हेच क्रियापद आपल्या ‘समजा’चं काम करतं. मराठीने ही कामं निरनिराळ्या शब्दांना वाटून दिली आहेत: वाटतं, भास होतो, धरून चाला, समजा, डोळ्यांसमोर आणा. ‘कल्पना’ तर आपण रोजच्या बोलण्यात थेट जाणिवेच्या अर्थाने वापरतो. ‘मला त्याची कल्पना होती’ म्हणजे मला ते ठाऊक होतं. ‘आधी कल्पना द्यायची ना’ म्हणजे आधी कळवायचं. ज्या संस्कृत धातूपासून ती आली तो ‘कॢप्’ रचण्याचा, जुळवण्याचा, घडवण्याचा आहे. त्यात डोळ्यांचा कुठेही उल्लेख नाही, आणि पुढे जे सांगायचं आहे त्यासाठी ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

‘व्हिज्युअलाइज’ हे दुसरं क्रियापद आज आपल्याकडे जास्त ऐकू येतं. घराची अंतर्गत सजावट करणारे सांगतात, “भिंत पाडली असं व्हिज्युअलाइज करा.” क्रीडाप्रशिक्षक सांगतात, परीक्षेच्या आधी समुपदेशक सांगतात. हे क्रियापद छापील इंग्रजीत प्रथम सापडतं ते १८१७ साली, कोलरिजच्या ‘बायोग्राफिया लिटरारिया’ या ग्रंथात. कल्पनाशक्तीविषयीचं कोलरिजचं गाजलेलं विवेचनही त्याच ग्रंथातलं. त्याच्या मते कल्पनाशक्ती ही विखुरलेलं एकत्र आणून नवं घडवणारी शक्ती होती, आठवणींचे तुकडे इकडून तिकडे हलवणाऱ्या ‘फॅन्सी’पेक्षा तिचा दर्जा वेगळा होता. दिसण्याचं क्रियापद आणि घडवण्याचा विचार एकाच पुस्तकात शेजारी शेजारी आहेत. नंतरच्या दोनशे वर्षांत आपण दुसरा विसरून पहिल्यालाच धरून बसलो.

माझ्या आईला मनात काहीही दिसत नाही. हे मला तिच्या सत्तरीनंतर कळलं, आणि तिलाही तेव्हाच. वडील गेल्यानंतरच्या दिवसांत मी एकदा तिला विचारलं, “आई, बाबा डोळ्यांसमोर येतात का गं?” ती म्हणाली, “डोळ्यांसमोर कसे येतील? आठवण येते.” मला वाटलं ती विषय टाळते आहे. मी पुन्हा विचारलं, आता मिट डोळे, चेहरा दिसतो का, चष्मा दिसतो का. तिने खरोखरच डोळे मिटले आणि जरा वेळाने सांगितलं, “अंधार दिसतो. चष्मा काळ्या काडीचा होता, उजवी काडी सैल होती, ते मला माहीत आहे.” मग तिनेच मला विचारलं, “तुला खरंच दिसतात?” आम्ही दोघी बराच वेळ एकमेकींकडे बघत राहिलो. एवढी वर्षं एका घरात राहून, एका देवघरापुढे बसून, आमच्या मनांत इतक्या निराळ्या गोष्टी चालत होत्या.

ही बाई आमच्या गल्लीत ठिपक्यांच्या रांगोळीसाठी नावाजलेली. पंधरा ते आठ, एकवीस ते एक, हाताने ठिपके पडत जात आणि रेघ कधी चुकत नसे. मी धरून चालले होते की तिच्या मनात आख्खी रांगोळी आधीच उमटलेली असणार. त्या दिवशी तिने सांगितलं की आकडे ठाऊक असतात आणि कुठल्या ठिपक्याला वळायचं ते हाताला ठाऊक असतं. रांगोळी पुरी झाल्यावरच ती तिला दिसते, आणि दर वेळी तिला तिचं नवल वाटतं. कादंबऱ्यांचंही तसंच. निसर्गवर्णनाची पानं ती सरळ उलटते आणि संवादांवर जीव टाकते. हे मी लहानपणापासून पाहत आले, कारण मात्र आत्ता कळलं.

आईसारख्या माणसांच्या अवस्थेला नाव मिळून फार काळ झालेला नाही. अ‍ॅडम झीमन या ब्रिटिश मेंदुविकारतज्ज्ञाकडे इमारतींचं सर्वेक्षण करणारे एक निवृत्त गृहस्थ आले होते. हृदयाच्या रक्तवाहिनीवरच्या उपचारानंतर त्यांच्या मनातली चित्रं एकाएकी नाहीशी झाली होती. एरवी झोपताना घरच्यांचे, मित्रांचे चेहरे आठवून पाहायचा त्यांना छंद होता. चेहरे ओळखणं, ठिकाणांची माहिती सांगणं हे सगळं शाबूत होतं. हा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. एका विज्ञान मासिकातल्या लेखातून त्याची बातमी लोकांपर्यंत गेली, तेव्हा आपल्याला तर जन्मापासूनच असं आहे, असं सांगणारी एकवीस माणसं पुढे आली. २०१५ मध्ये झीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला ‘अफँटेशिया’ हे नाव दिलं. अ‍ॅरिस्टॉटल मनातल्या प्रतिमाशक्तीला ‘फँटेशिया’ म्हणत असे, तिचा अभाव तो अफँटेशिया. अलीकडच्या पाहण्यांतून अशी माणसं शंभरात एक ते चार असावीत असं दिसतं. दुसऱ्या टोकाला अतिशय ठळक, जवळजवळ खरंच पाहिल्यासारखी चित्रं दिसणारेही थोडे लोक असतात.

हा आजार नाही, हे झीमन पहिल्यापासून सांगत आले आहेत. मला त्या आग्रहाचं मोल वाटतं, कारण गाल्टनच्या बाबतीत नेमकं उलट झालं. न्याहारीच्या टेबलाचा हा अभ्यास त्याने १८८३ च्या ज्या पुस्तकात घेतला, त्याच पुस्तकात त्याने ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला. माणसामाणसांतले फरक इतक्या बारकाईने टिपणारी ती नजर लगेच त्यांची उतरंड लावायला निघाली, आणि त्या विचाराने पुढच्या शतकात फार मोठं पाप करवलं.

मनातलं चित्र दुसऱ्याला दाखवता येत नाही, मग त्याची तपासणी करायची कशी? या प्रश्नावरच्या युक्त्या वाचताना मला मोठा आनंद होतो. कॉर्नेल विद्यापीठात मेरी चीव्ज वेस्ट पर्की यांनी १९१० मध्ये छापलेला प्रयोग असा: दुधी काचेकडे बघत मनात केळं आणा, असं माणसाला सांगायचं आणि पलीकडून त्या काचेवर केळ्याची अगदी फिकट आकृती हळूच टाकायची. बसलेला माणूस ते आपल्याच मनातलं समजे. एकाला नवलही वाटलं, की आपण केळं आडवं योजलं होतं, ते उभं कसं झालं. पुढे वर्तनवाद्यांनी मनातल्या चित्रांचा विषयच मानसशास्त्राच्या घराबाहेर काढला. तो पुन्हा आत आला १९७१ साली, शेपर्ड आणि मेट्झलर यांच्या प्रयोगाने. ठोकळ्यांच्या दोन आकृती एकच आहेत का हे ओळखायचं. एक दुसरीपेक्षा जितकी जास्त फिरवलेली, तितका उत्तराला जास्त वेळ, अगदी प्रमाणात. जणू मनात खरोखरच काहीतरी फिरवावं लागतं. झीमनच्या त्या गृहस्थांनी असल्या कसोटीत उत्तरं बरोबर दिली, पण त्यांच्या वेळेचा आलेख नेहमीसारखा चढला नाही. त्यांचं मन तिथे दुसऱ्या वाटेने पोचत होतं.

ऑस्ट्रेलियातल्या जोएल पिअरसन यांच्या प्रयोगशाळेतला २०२१ चा प्रयोग तर मला कथा लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावासा वाटतो. अंधाऱ्या खोलीत लोकांना पडद्यावर एकेक ओळ उमटणारी भीतीदायक गोष्ट वाचायला दिली आणि त्यांच्या कातडीवरच्या घामातला सूक्ष्म फरक मोजला. चित्रं दिसणाऱ्यांच्या अंगावर गोष्टीबरोबर शहारा वाढत गेला. अफँटेशिया असलेल्यांची रेघ जवळपास सपाट राहिली. त्याच लोकांना भीतीदायक छायाचित्रं दाखवली तेव्हा मात्र दोन्ही गट सारखेच घाबरले. म्हणजे भीती दोघांनाही तेवढीच आहे, शब्दांतून भीतीकडे जाणारा एक रस्ता काहींच्या मनात नाही.

त्याच वर्षी विल्मा बेनब्रिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना खोल्यांची छायाचित्रं दाखवून आठवणीतून ती काढायला लावली. अफँटेशियावाल्यांनी वस्तू कमी काढल्या, रंग कमी भरले. पण पलंग कुठे, खिडकी कुठे, अंतरं किती, यात ते कुणाला हार गेले नाहीत, आणि नसलेल्या वस्तू काढण्याची चूक त्यांच्याकडून कमी झाली. चित्रं दिसणाऱ्यांचं मन रिकाम्या कोपऱ्यात स्वतःहून काहीतरी ठेवून देत होतं. हा प्रयोग वाचताना मला आईची रांगोळी आठवली, आणि वडिलांच्या चष्म्याची सैल काडीही. उजवी होती की डावी, मला सांगता आलं नसतं. मला दिसणाऱ्या चष्म्याच्या दोन्ही काड्या घट्ट आहेत.

चित्र दिसत नसेल तर चित्र काढता कसं येईल, हा प्रश्न सहज मनात येतो. पिक्सारचे एक संस्थापक एड कॅटमल यांना मनात काहीच दिसत नाही. डिस्नेच्या ‘द लिटल मर्मेड’मधली एरियल ज्यांनी कागदावर आणली त्या ग्लेन कीन यांनाही नाही. आत ठरवून मग उतरवायचं, असं कीन यांचं काम चालत नाही. रेघ ओढत, खोडत, पुन्हा ओढत ते आकृतीपर्यंत पोचतात. जलपरी तयार झाली ती हाताखाली, कागदावर.

माझी आई रोज मानसपूजाही करते. शंकराचार्यांच्या नावावर असलेलं शिवमानसपूजेचं स्तोत्र तिला पाठ आहे. त्यात रत्नांचं आसन, हिमालयाच्या थंडगार पाण्याचं स्नान, कस्तुरीचा गंध, जाईचाफ्याची फुलं, सोन्याच्या पात्रातलं तूप आणि पायस, मग विडा, असे सगळे उपचार मनातल्या मनात होतात. चित्र दिसत नसलेल्या बाईने ही पूजा कशी करावी? मी विचारलंच. तिला प्रश्नात अडचण वाटली नाही. “दिसत काही नाही. पण स्नान झाल्याशिवाय मी गंध लावत नाही, आणि नैवेद्य गार होऊ देत नाही.” ती आसन मांडते. पाणी घालते. फूल वाहते. हे सारं तिच्या मनात खरोखर घडतं, आणि त्यात तिचा जीव गुंतलेला असतो हे तिच्या चेहऱ्यावर मला बाहेरून दिसतं. त्या स्तोत्राच्या आरंभीच आसन ‘कल्पिलेलं’ आहे, म्हणजे रचलेलं. कल्पना ही बघण्याच्या आधी करण्याची गोष्ट आहे, यावर माझा पूर्ण विश्वास बसला तो या मानसपूजेमुळे. कुणाला ती करताना चित्र दिसतं, कुणाला आवाज, कुणाला नुसता क्रम.

स्वप्नात मात्र आईला दिसतं. अफँटेशिया असलेल्या अनेकांचा हाच अनुभव नोंदला गेला आहे: जाणूनबुजून आणायला गेलं तर काही येत नाही, झोपेत आपोआप येतं. म्हणजे चित्रं काढणारी व्यवस्था आत आहे, जागेपणीच्या इच्छेला ती दाद देत नाही. असं का, याचा शोध अजून चालू आहे.

मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून हा विषय मला पुस्तकापुरता ठेवता येत नाही. आपल्याकडे एखाद्या लेखकाची सगळ्यात मोठी स्तुती करायची तर ‘प्रसंग डोळ्यांसमोर उभा केला’ म्हणतात. चित्रदर्शी शैलीचे गुण आपण पाठ्यपुस्तकापासून गिरवतो. वर्णनात्मक निबंध शिकवताना मी वर्गाला डोळे मिटायला सांगायचे: समुद्रकिनारा आणा, सूर्य बुडतोय, काय दिसतं ते लिहा. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात एक-दोघं तरी अशी असणार की ज्यांना काळोखाखेरीज काही दिसत नसेल, आणि ती शेजाऱ्याच्या वहीतले लाल-केशरी ढग आपल्या वहीत उतरवत असतील. आता मी डोळे मिटायला सांगत नाही. किनाऱ्यावर तुम्ही काय केलंत, वाळू पायाला कशी लागली, परत निघायची घाई कुणाला होती, घरापासून समुद्र किती लांब, असं विचारते. उत्तरं फार निरनिराळी येतात.

आपल्या मराठी शाळांनी निबंधाचा आणखी एक प्रकार शिकवला आणि टिकवला, त्याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते. कल्पनाप्रधान निबंध. सूर्य उगवला नाही तर, परीक्षा नसत्या तर, घड्याळं बंद पडली तर. इथे कुणी चित्र मागत नाही. इथे एक ‘तर’ हातात देतात आणि त्यातून पुढे काय काय निघतं ते शोधायला सांगतात. गाल्टनच्या त्या शास्त्रज्ञ मित्रांना हा पेपर उत्तम गेला असता.

यंदा आठवीला मी ‘पाऊस पडलाच नाही तर’ हा जुनाच विषय दिला. बहुतेकांनी भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडे लागलेले डोळे लिहिले, आणि ते चांगलंच होतं. एका मुलीच्या निबंधात भेगा नव्हत्या, आभाळही नव्हतं. तिने विहिरीच्या दोरापासून सुरुवात केली होती. दोर पुरणार नाही, म्हणून त्याला दुसरा जोडतील. जोडाची गाठ रहाटात अडकेल, म्हणून पाणी ओढायला दोघं लागतील. दोघं लागली की घरातलं एक मूल शाळेतून काढावं लागेल. कुणाला काढायचं यावर रात्री भांडण होईल, आणि बहुतेक मुलीलाच काढतील. तिथे तिने एक ओळ मोकळी सोडली होती आणि खाली लिहिलं होतं की म्हणून शाळेतल्या टाकीचं पाणी वर्ग सुटताना मोजून वाटावं, म्हणजे कुणाला शाळा सोडावी लागणार नाही. मी वर्गात सगळ्यांत जास्त गुण त्या निबंधाला दिले, आणि मुख्याध्यापकांनाही तो वाचायला दिला.